काटा मधोमध

बत्तीस वर्षं मी दुकानदारांचे तराजू तपासले.
आता पेन्शनीत एकच वर्गणी बसते,
म्हणून सकाळी साडेआठलाच
झाशी राणी चौकात धकातेच्या स्टॉलवर उभी आहे,
मे महिन्याचं ऊन डोक्यावर यायच्या आत.

"काय पाह्यजे मॅडम?"
"चालू घडामोडींचं काहीतरी. तोल सांभाळणारं."
धकाते हसला.
"हे या बाजूचं हाये जी, ते त्या बाजूचं.
दोन्ही घेऊन टाका, झाला तोल."

मी तीन अंक काढले,
तिन्हींत एकच गोष्ट शोधली:
मार्चमधलं भुईकाट्याचं प्रकरण.
ते मला ठाऊक होतं.
खात्यातली जुनी माणूस म्हणून चौकशीला बोलावलं होतं,
प्लेटखालची माती मी माझ्या हातांनी उकरली होती.

पहिल्यात व्यापारी चोर, सगळेच्या सगळे.
चोर हा शब्द नऊ वेळा. मी मोजला, सवयच ती.
दुसऱ्यात चोर कोणीच नव्हतं,
काट्यालाच बिचाऱ्याला ऊन बाधलं होतं.
तिसऱ्यानं अर्धं पान याला दिलं, अर्धं त्याला,
ओळीसुद्धा सारख्या,
आणि प्लेटखाली अडकवलेल्या दगडाबद्दल
अवाक्षर नाही.

हाच घेणार होते.
नोटा मुठीत होत्या.

तेवढ्यात इतवारीतला तो धान्यवाला आठवला.
नाव विसरले, कपाळावरचा घाम नाही विसरले.
मी पायरी चढले की दोन्ही हात मागे घेऊन म्हणायचा,
"पाहा मॅडम, काटा कसा मधोमध!"
रिकामा तराजू सगळ्यांचाच मधोमध असतो, भाऊ.
ज्वारी टाका त्यात.
मग बोलू.

आणि महालातला एक,
ज्याचा काटा हलायचाच नाही.
काही ठेवा, काही काढा, आपला सरळ उभा.
आत गंज चढून दांडी धरली होती.
गिऱ्हाइकं म्हणत, काय प्रामाणिक माणूस आहे!

तिसरा अंक मी खाली ठेवला.

"आता काय झालं जी?"
शेजारच्या तर्रीपोह्याच्या गाडीवरून
एक पोरगा तोंडात घास धरूनच बोलला,
"काकू, फोनवर वाचा ना. फुकट हाये."
पोराचं वाईट वाटून घेतलं नाही.
फुकटातल्या मापावर आमच्या खात्याचा
कधीच विश्वास नव्हता, एवढंच.

मग गठ्ठ्याच्या तळाशी चौथा सापडला,
मागच्या महिन्याचा, कोपरे दुमडलेला.
मुखपृष्ठावर ना नट, ना नेता,
एक फुटलेला पाण्याचा पाइप.
पान तीनवर चौकट, ठळक:
गेल्या अंकात काट्यातला फरक चाळीस किलो छापला.
तो चौदा होता. चूक आमची.

चौदाच.
मी स्वतः लिहिला होता तो आकडा.

तराजू कितीही खरा असो,
ठरल्या मुदतीत पुन्हा आणावा लागतो शिक्क्याला.
पितळ झिजतं. कोणाचा दोष नसतो त्यात.
न आणणाऱ्याचा असतो.

तिथेच उभ्यानं लेख वाचला.
दगड होता त्यात. हमालांचं म्हणणं होतं.
व्यापाऱ्यांचं एक म्हणणंही होतं,
ज्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.
शेवटी लिहिणाऱ्याचं मत, नावानिशी,
माझ्या मताच्या थेट उलट.

पान उलटायला गेले तेव्हा दिसलं,
माझा अंगठा बरोबर त्या परिच्छेदावर बसला होता
जो मला नको होता.

पारड्यावरचे किती अंगठे पकडले असतील मी.
दंड केले, पावत्या फाडल्या, कोर्टात उभी राहिले.

"वर्षाचे किती?"
"सहाशे. पण हे कोणी घेत नाही मॅडम,
टाइमावर येतही नाही."
"येऊ दे उशिरा."
तो पावती शोधत बसला. मिळेना. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दिलं:
निनावे मॅडम, एक वर्ष.

घरी येऊन कूलरमध्ये पाणी भरताना पाहिलं,
घामानं शाई सुटली असावी,
अंगठ्यावर उलटी उमटलेली दोन-तीन अक्षरं.
वाचता येईनात.
नळ तसाच चालू ठेवून
चष्मा आणायला गेले.